व्यवसाय कराची आकारणी : वसुलीच्या टप्प्यावरील आव्हान (ठाणे व नवी मुंबई)

वेतनातून कापून मालकाने शासनास भरावयाच्या व्यवसाय कराच्या आकारणीस, थकबाकीची वसुली सुरू झाल्यावर घेतलेली हरकत. पगारपत्रकावरील दरमहा २०० व फेब्रुवारीतील ३०० रुपयांची कपात सर्वपरिचित आहे.

महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या अधिनियमाने, मुख्यतः रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभारण्याकरिता आला. कराचा उगम मात्र त्याच वर्षी मानणे बरोबर नाही. १९४१ च्या मर्यादा अधिनियमाने अशा करांवर वार्षिक ५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये ती २५० रुपये झाली आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये. ही मर्यादा माणशी आहे. त्यामुळे कारखान्यावरील एकत्रित मागणी लाखांत गेली, म्हणून आकारणी घटनाबाह्य ठरत नाही.

कपात केली असो वा नसो, १९७५ च्या अधिनियमाच्या कलम ४ नुसार भरण्याची जबाबदारी मालकाचीच. वेतन देण्यास जबाबदार असलेली व्यक्ती म्हणजे मालक, ही व्याख्या वागळे इस्टेट आणि ठाणे–बेलापूर या औद्योगिक पट्ट्यांत कळीची ठरते, कारण तेथे कंत्राटी कामगार पुष्कळ आहेत. ‘ते ठेकेदाराचे कामगार’ हा बचाव कलम ७ च्या आकारणीत किंवा कलम १३ च्या अपिलात मांडायचा असतो.

कलम ११ नुसार थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १७५ प्रमाणे थकबाकीचे प्रमाणित विवरण हे तिचे अस्तित्व, रक्कम व कसूरदार कोण, यांचा निर्णायक पुरावा (ज्याविरुद्ध दुसरा पुरावा चालत नाही असा) मानले जाते. या तरतुदीने प्रत्येक हरकत संपते, असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे निर्णायकता वसुलीच्या प्रकरणापुरतीच आहे. अधिकारक्षेत्राबाहेरच्या आकारणीस ती जीवदान देत नाही. धुलाभाई खटल्यातील (१९६८) सर्वोच्च न्यायालयाच्या निकषांशी दुसरे मत अधिक जुळते. त्या निकषांनुसार कायद्यात पुरेसा उपाय असेल तेथे दिवाणी न्यायालयाचा अधिकार सामान्यतः वगळला जातो. मात्र कायद्याच्याच तरतुदी किंवा न्यायदानाची मूलतत्त्वे पाळली गेली नसतील, तर तो उरतो.

एक आडवाट महसूल वसुली अधिनियम, १८९० मध्ये आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. नवी मुंबईचा उत्तर भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कळंबोली, पनवेल रायगडात. थकबाकी एका जिल्ह्यातील आणि मालमत्ता दुसऱ्यात असल्यास पहिल्या जिल्ह्याचा जिल्हाधिकारी थकबाकीचा दाखला वसुलीसाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. दायित्व नाकारणाऱ्याने भरणा करतानाच लेखी, स्वाक्षरीनिशी निषेध नोंदवला, तर या १८९० च्या अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे परताव्याचा दावा लावता येतो. तोही दाखला देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय ज्या दिवाणी न्यायालयाच्या हद्दीत असेल तेथे. जप्ती याने टळत नाही. पैसे आधी जातात.

मुंबई उच्च न्यायालयातील रिट याचिका (शासकीय कारवाईविरुद्ध थेट उच्च न्यायालयात मागितलेली दाद) हा अपवादात्मक मार्ग. सर्वोच्च न्यायालयाच्या व्हर्लपूल निकालाने (१९९८) नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्राचा अभाव, मूलभूत हक्कांचा प्रश्न व कायद्याच्या वैधतेस आव्हान अशा प्रसंगी तो मोकळा ठेवला. अपिलाची मुदत दवडून रिटकडे वळणाऱ्यास ग्लॅक्सो प्रकरणातील (२०२०) त्याच न्यायालयाचा निकाल अडसर ठरतो.