उसाचे पाते आणि अठरा तास

जुलै महिना उजाडला की कोल्हापुरातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर सेवा क्लबांच्या पदग्रहण समारंभांची छायाचित्रे दिसू लागतात, कारण या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. अशाच एका समारंभाला यंदा मी निमंत्रित म्हणून गेलो होतो. मावळत्या अध्यक्षांनी वर्षभरातील मोतीबिंदू शिबिरांचा आढावा घेतला आणि मग काहीसा आवाज उतरवून सांगितले की सभासद घटत चालले आहेत, वर्गणी थकते आहे आणि पन्नाशीच्या आतला माणूस क्लबाकडे फिरकतच नाही. सभागृहातील खुर्च्यांकडे पाहिले असता त्यांच्या म्हणण्यात अतिशयोक्ती नव्हती हे कळत होते. त्यांनी शिबिरांचे यश आणि सभासदांची ओहोटी या दोन निरनिराळ्या गोष्टी म्हणून मांडल्या. घरी परतताना मला वाटत राहिले की या दोहोंचा सांधा एकाच ठिकाणी आहे आणि ते ठिकाण म्हणजे डोळ्यावरचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा एक पारदर्शक पडदा.

सेवा क्लब आणि डोळे यांचे नाते जुने आहे. लायन्स क्लबांची संघटना १९१७ मध्ये शिकागोत उभी राहिली आणि १९२५ मध्ये ओहायो राज्यातील अधिवेशनात हेलन केलर यांनी तिच्या सभासदांना अंधत्वाविरुद्धचे काम अंगावर घेण्याचे आवाहन केले. तेव्हापासून दृष्टी हे त्या संघटनेचे मुख्य कार्य झाले. भारतातील तिचा पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला, आणि १९९० पासून तिने टाळता येण्याजोग्या अंधत्वासाठी जगभर स्वतंत्र निधी उभारला. स्त्रियांना सभासदत्व मात्र १९८७ पर्यंत नव्हते, हेही सांगायला हवे. सभासद कमी पडतात अशी तक्रार करणाऱ्या संस्थेने सत्तर वर्षे अर्ध्या समाजासाठी दार लावून ठेवले होते.

आपल्याकडील शिबिरांचा सारा साचा मोतीबिंदूवर बेतलेला आहे आणि त्यात काही चूक नाही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा होता. मोतीबिंदू हा सोशिक आजार आहे. तो काही वर्षे घेऊन पिकतो, शस्त्रक्रिया दिवाळीनंतर केली काय किंवा होळीनंतर केली काय, बहुतेक रुग्णांच्या बाबतीत निकाल तोच लागतो. त्यामुळे वर्षातून दोनदा मांडव घालून, तपासणी करून, निवडक रुग्णांना बसने रुग्णालयात नेऊन आणण्याची पद्धत या आजाराला चपखल बसते, आणि महिन्यातून दोन सभा घेणाऱ्या क्लबालाही ती झेपते.

त्याच सर्वेक्षणातील दुसऱ्या आकड्याकडे मात्र समारंभांत कोणी लक्ष वेधत नाही. पन्नाशीच्या आतील लोकांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू नसून पारपटलाची अपारदर्शकता हे आहे आणि तिचा वाटा ३७.५ टक्के आहे. पारपटल म्हणजे बुबुळावरचे ते स्वच्छ भिंग, ज्यावर पांढरा डाग पडला की आपण ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतो. हे फूल पडण्याची कारणे अनेक आहेत, परंतु शेतीच्या मुलखात त्यांतले एक मोठे कारण म्हणजे पानापात्याचा ओरखडा. कोल्हापूर जिल्ह्यात ऊस किती आहे हे सांगायला नको, आणि उसाच्या पात्याची कड कशी असते हे पाला काढलेल्या माणसाच्या हाताला विचारावे. त्या कडेवर सूक्ष्म दाते असतात आणि पात्यात सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, साठलेले असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ग्राइंडिंग करताना उडणारी कीस हे याच दुखण्याचे शहरी रूप आहे.

आता मुळात पारपटल पारदर्शक का असते, हा प्रश्न विचारण्याचा मोह मला आवरत नाही, कारण भौतिकशास्त्राचा इतका देखणा नमुना शरीरात दुसरा क्वचितच सापडेल. पारपटल कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेले आहे. याच कोलॅजेनने आपली कातडी आणि स्नायूबंध बनतात आणि बुबुळाला लागून असलेले डोळ्यातले पांढरे, म्हणजे श्वेतपटलही त्याचेच असते. कातडीतून आरपार दिसत नाही, श्वेतपटलातूनही दिसत नाही, मग त्याच सुताने विणलेले पारपटल काचेसारखे कसे? रंगद्रव्य नाही आणि रक्तवाहिन्या नाहीत हे उत्तर अपुरे आहे, कारण श्वेतपटलही रंगहीन तंतूंचेच असून पांढरेफेक दिसते.

उत्तर मांडणीत आहे. पारपटलातील तंतू जवळजवळ सारख्याच जाडीचे, सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचे असतात आणि शेजारच्या दोन तंतूंच्या मध्यांमधले अंतर सुमारे ६० नॅनोमीटर असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे हे अंतर तिच्यापेक्षा कितीतरी लहान आहे. प्रत्येक तंतू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा अंश सर्व दिशांना विखुरतो. हे तंतू एकमेकांची दखल न घेता प्रकाश विखुरत राहिले असते, तर पारपटल दुधी काचेसारखे दिसले असते. तंतू ठरावीक अंतरांवर असल्यामुळे मात्र एका तंतूने बाजूला फेकलेल्या लहरीचा उंचवटा जिथे येतो, तिथेच दुसऱ्या कुठल्या तरी तंतूच्या लहरीचा खळगा येतो आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. समोरच्या दिशेने जाणाऱ्या लहरी तेवढ्या एकाच पावलाने चालतात आणि म्हणून टिकतात. रंकाळ्याच्या काठावर माणसांची एक दाट रांग उभी करून सर्वांनी एकाच क्षणी खडे टाकले, तर प्रत्येक खड्याची वर्तुळे निराळी न दिसता एकच सरळ लाट आत सरकताना दिसेल. पारपटलात घडते ते साधारण असेच आहे.

डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांनी तंतूंची रचना स्फटिकासारखी काटेकोर असल्याचे गृहीत धरले होते. पुढे १९६९ मध्ये हार्ट आणि फॅरेल यांनी दाखवले की इतक्या शिस्तीची गरज नाही, प्रत्येक तंतूचे लगतचे शेजारी साधारण ठरल्या अंतरावर असले तरी लहरींची पुसापुसी पुरेशी होते. उसाच्या सरीची उपमा इथे कामी येते, पण जपून वापरावी लागते. सरी सरळ असली की शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत नजर जाते आणि ऊस लोळला की जात नाही, एवढेच साम्य घ्यावे. पारपटलात प्रकाश मधल्या फटींतून निसटत नाही, तो तंतूंवर आदळतोच, आणि लहरींच्या हिशेबात बाजूची बेरीज शून्याजवळ येते. हा हिशेब अंतरांवर अवलंबून असल्याने पारपटलात थोडे जास्त पाणी शिरले तरी तंतू दूर ढकलले जातात आणि धूसरपणा येतो. त्यासाठी पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर अहोरात्र पाणी उपसत बसलेला असतो.

एवढ्या नाजूक मांडणीचे रक्षण बाहेरच्या बाजूने पाच-सहा पेशींच्या जाडीचे एक आवरण करते. उसाचे पाते फाडते ते हे आवरण. ओरखडा लहान असेल तर कडेच्या पेशी सरकत येऊन एक-दोन दिवसांत ती जागा झाकतात आणि माणसाला सारे विसरायला होते. दार उघडे राहते ते तेवढाच काळ, परंतु पात्याबरोबर मातीतले आणि कुजक्या पाचटातले जीवाणू किंवा फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी आत आल्या असतील तर त्यांना तेवढा वेळ पुरतो. बुरशीचे धागे तंतूंच्या थरांमधून वाढत जातात. त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी जी विकरे सोडतात ती बुरशीबरोबर कोलॅजेनही विरघळवतात. व्रण बरा झाला तरी नवे तंतू कमीजास्त जाडीचे आणि वाटेल तसे पडलेले असतात, लहरींचा हिशेब चुकतो आणि त्या जागी श्वेतपटलासारखा पांढरा ठिपका उरतो. हेच ते फूल.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पन्हाळा तालुक्यातील एका शाळेत भरलेल्या शिबिरात मी कागदपत्रे भरायला बसलो होतो. बाहेर उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. बीडकडून आलेले एक ऊसतोड कामगार डोळ्याला फडके बांधून रांगेत उभे होते. डॉक्टरांनी विचारले, “मामा, कधी लागलं?” ते म्हणाले, “मंगळवारी पातं लागलं साहेब.” तो रविवार होता, आणि बुबुळावरचा पांढरा ठिपका मलाही नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्यांना ताबडतोब रुग्णालयात पाठवावे लागले. त्यांच्याच टोळीतील एका बाईंना आदल्या दिवशी दुपारी पाते लागले होते आणि वरून पाहता त्यांच्या डोळ्यात काही खूण दिसत नव्हती. डॉक्टरांनी टोकाला नारिंगी रंग लावलेली कागदाची पट्टी सलाइनने ओली करून त्यांच्या खालच्या पापणीच्या आत टेकवली आणि निळ्या उजेडाची बॅटरी धरली. बुबुळावर हिरवीगार, वाकडी रेघ उमटली. ती पट्टी फ्लुओरेसीनची. अखंड पेशींच्या आवरणात हे द्रव्य शिरत नाही, आवरण फाटलेले असेल तिथेच ते मुरते आणि निळा प्रकाश शोषून हिरवा परत देते. ॲडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवलेल्या या रंगाइतके प्रामाणिक आणि स्वस्त निदान-साधन मी पाहिलेले नाही. बाईंना मलम मिळाले. त्या वेळेत पोहोचल्या याचे कारण एवढेच की शिबिराचा दिवस रविवारी पडला होता.

वेळेत म्हणजे किती, याचे उत्तर नेपाळमधील भक्तपूरने दिले आहे. तेथे गावातल्याच स्वयंसेवकांना हीच पट्टी, निळी बॅटरी आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम वापरायला शिकवले होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ओरखडा दिसलेल्या ४४२ जणांपैकी ज्या २८४ जणांना १८ तासांच्या आत मलम सुरू झाले, त्यांतील एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला. मलम तीन दिवस लावायचे होते, इतकेच. नंतर नेपाळमध्येच याहून मोठी, गावागावांची तुलना करणारी चाचणी झाली आणि तीत स्वयंसेवक असलेल्या गावांत व्रणांचे प्रमाण घटलेले आढळले नाही, हेही उत्साहाच्या भरात दडवू नये.  माझ्या मते फरक पडतो तो लागल्याबरोबर माणूस स्वयंसेवकाच्या दारी जातो की नाही यात.

कारण त्या तासांत आपल्याकडे काय काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. कोणी डोळ्यात दूध पिळते, कोणी मध घालते, कोणी जिभेने कुसळ काढून देण्यात वाकबगार म्हणून पंचक्रोशीत ओळखले जाते. मध औषधी आणि दूध थंड म्हणून फाटलेल्या आवरणावर निर्जंतुक न केलेला पदार्थ ओतणे शहाणपणाचे ठरत नाही, आणि माणसाच्या तोंडाइतकी जंतूंनी गजबजलेली जागा शोधून सापडणार नाही. सुशिक्षितांचा उतारा याहून घातक आहे. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या लाली घालवणाऱ्या थेंबांत अनेकदा स्टिरॉइड असते. त्याने लाली आणि ठणका दोन्ही ओसरतात, माणूस निर्धास्त होतो आणि पहारा उठलेल्या घरात बुरशी मोकळी वाढते. पुढचे उपचार कष्टाचे असतात, कारण बुरशीवरचे नॅटामायसिन पारपटलात खोल उतरत नाही आणि सुरुवातीला ते तासातासाला घालावे लागते. नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवता येते, पण बुरशीने पोखरलेल्या डोळ्यात ते टिकवणे अवघड जाते.

इथे सभासदांचा प्रश्न येतो. मोतीबिंदूला वर्षातून दोनदा येणारा क्लब चालतो, ओरखड्याला सायंकाळी सहा वाजता हाकेच्या अंतरावर असणारा माणूस लागतो. तो आज क्लबात नाही, कारण सभा शहरातील हॉटेलात रात्री साडेआठला असते, वर्गणी वर्षाची एकदम भरावी लागते आणि भाषणे संपेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते. गावातील आशाताई, गुळाच्या गुऱ्हाळाचा तरुण मालक, कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय, टोळीचा मुकादम आणि त्याची बायको यांना कोणी अर्ज दिलेला नाही. हे सारे बहुतेक पन्नाशीच्या आतलेच आहेत. जी वयाची फळी क्लबाला मिळत नाही म्हणून अध्यक्ष खंतावले होते, त्याच वयात फुले पडतात आणि त्याच वयाची माणसे ती अडवू शकतील.

मी नव्या अध्यक्षांना एवढेच सुचवले आहे की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत सुरू होण्याआधी एका कारखान्याच्या पट्ट्यातील टोळ्यांपुरता प्रयोग करावा. प्रत्येक तळावर एक माणूस निवडावा, नेत्रतज्ज्ञांनी त्याला पट्टी आणि बॅटरी वापरायला शिकवावे, मलम त्यांच्याच सूचनेने द्यावे, उघडलेली ट्यूब २८ दिवसांनी फेकावी आणि ठिपका दिसला तर मलम न लावता थेट रुग्णालयात धाडावे. त्या माणसाला वर्गणी माफ असावी आणि हजेरीपटावर सभेऐवजी तळावरची संध्याकाळ मांडावी. अध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतले आणि विचारले की मुकादमाला सभासद करून घ्यायचे तर त्याचा कायमचा पत्ता कोणता लिहायचा, तळावरच्या कोप्यांचा, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांचा, की बीडचा. मी म्हटले, गळीत असेपर्यंत कोप्यांचा लिहा.