ब्राउनिंग मॉडेल १९१०

ब्राउनिंग मॉडेल १९१० : बेल्जियममधील लिएजजवळच्या एर्स्टाल येथील फाब्रिक नासिओनाल (एफएन) या कारखान्याचे, कपड्यांखाली दिसू न देता बाळगता येईल अशा बेताचे स्वयंभारी (झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारे) पिस्तूल. अभिकल्पक अमेरिकन शस्त्रतज्ज्ञ जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६). एकूण लांबी सु. १५३ मिमी., नळी सु. ८८ मिमी., रिकामे वजन सु. ५९० ग्रॅ. मॅगझिनमध्ये ७.६५ मिमी.ची ७ किंवा ९ मिमी. आखूड जातीची ६ काडतुसे बसतात. पुढे गाजलेले जर्मन वॉल्थर पीपीके जवळपास याच मापाचे व वजनाचे आहे. खिशात बाळगायच्या पिस्तुलांची चर्चा निघाली की पीपीकेचे नाव आधी येते. मॉडेल १९१० चा उल्लेख झालाच तर १९१४ च्या सारायेव्हो हत्याकांडापुरता होतो.

नावातील १९१० हे वर्ष निर्मितीचे समजू नये. पेटंटची नोंद १९०९ च्या सुमाराची दिसते आणि विक्रीसाठीचे उत्पादन बहुधा १९१२ मध्ये सुरू झाले. काही जुन्या संदर्भग्रंथांत उत्पादनाचा आरंभही १९१० असाच दिला आहे. तो नावावरून घेतला असावा. अमेरिकेतील कोल्ट कंपनीने हा आराखडा घेतला नाही. तिची १९०३ व १९०८ ची खिशातली पिस्तुले बाजारात चांगली चालत होती. त्यामुळे ब्राउनिंगने हे पिस्तूल फक्त युरोपसाठी ठेवले आणि अमेरिकी ग्राहकाला ते १९५५ पर्यंत रीतसर मिळाले नाही. त्याच्या उपेक्षेचे मुख्य कारण हेच म्हणावे लागेल.

रचना : पिस्तूल साध्या मुक्त-प्रत्याघात (ब्लोबॅक) तत्त्वावर चालते. नळी व स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकवलेली नसतात. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच सारी भिस्त असते. ब्राउनिंगच्या आधीच्या मॉडेल १९०० मध्ये ही स्प्रिंग नळीच्या वर आणि १९०३ मध्ये खाली होती. येथे ती नळीभोवतीच गुंडाळली आहे. त्यामुळे स्लाइड नळकांड्यासारखी बारीक झाली. घोडा बाहेर नाही, आत आघातशलाका (काडतुसावर आघात करणारी स्प्रिंगवरची सळई) आहे. दृष्टिखुणाही (नेम धरायच्या खुणा) स्लाइडवरच्या खोबणीत दडवल्या आहेत. खिशातून काढताना अडकेल असे वर काहीच नाही. याची किंमत नेमबाजाला मोजावी लागते : खुणा इतक्या बारीक आहेत की अंधुक उजेडात त्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

सुरक्षा तिहेरी आहे. अंगठ्याची कळ, मुठीमागचा दाबपट्टा आणि मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारा अटकाव. यातला तिसरा भाग सांभाळून वापरावा लागतो. मॅगझिन काढूनही आघातशलाका ताणलेलीच राहते आणि मॅगझिन परत घातल्याशिवाय चाप ओढून ती सोडता येत नाही. अशा वेळी स्लाइड मागे ओढून कोठी (नळीतील काडतुसाची जागा) रिकामी असल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि रिकामे मॅगझिनच घालावे. कोठीत काडतूस असल्याचे दाखवणारी खूण या पिस्तुलावर नाही. मॅगझिनची कळ मुठीच्या बुडाशी आहे : भरणे सावकाश होते, पण खिशात दाबले जाऊन मॅगझिन सुटत नाही.

उघडण्याची रीत : मॅगझिन काढून कोठी तपासावी. नळीच्या तोंडाशी खरखरीत कडी असते. ती आत दाबून फिरवली की सुटते. तिच्यामागे स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून अंगठा कडीवरून हलवू नये. तो हलला तर कडी उडून हरवते, डोळ्यालाही इजा होऊ शकते. नंतर स्लाइड मागे ओढून सुरक्षाकळ पुढच्या खाचेत अडकवावी, नळी फिरवून तिच्या बुडाच्या कंगोऱ्या चौकटीतून मोकळ्या कराव्यात, कळ सोडावी आणि स्लाइड पुढे काढावी. जुन्या नगांत स्प्रिंग थकलेली आढळते; तेव्हा स्लाइड मागे जोरात आदळते आणि रिकामी पुंगळी नेहमीपेक्षा लांब फेकली जाते. अशा वेळी आधी स्प्रिंग बदलावी.

नळीच्या व्यासाचा वाद : २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल ७.६५ मिमी.चे मॉडेल १९०० होते असे अनेक ग्रंथांत दीर्घकाळ छापले गेले. कटवाल्यांकडची चार पिस्तुले मात्र मॉडेल १९१० ची, ९ मिमी. आखूड व्यासाची होती. त्यांचे क्रमांक १९०७४, १९०७५, १९१२० व १९१२६. त्यांतले पहिले प्रिन्सिपचे मानले जाते. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाने जपलेले पिस्तूल २००४ मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाकडे आले. या गोंधळाला रचनेचाही हातभार लागला असावा : दोन्ही व्यासांची पिस्तुले बाहेरून सारखीच असतात आणि केवळ नळी बदलून व्यास बदलता येतो. एखादा नग तपासताना नळीवरचा ठसाच प्रमाण धरावा. केवळ छायाचित्रावरून व्यास ठरवू नये.

७.६५ मिमी. काडतुसाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की मॅगझिन अडते. पोकळ टोकाच्या आखूड गोळ्यांत हे अधिक होते, कारण त्यांना मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकायला जागा मिळते. पूर्ण लांबीची, गोल टोकाची, धातूच्या वेष्टनाची गोळी येथे भरवशाची.

उपप्रकार : यूगोस्लाव्हियाच्या मागणीवरून १९२२–२३ मध्ये लांब नळीचे (सु. ११३ मिमी.) मॉडेल निघाले; त्यात नवी स्लाइड न घडवता जुन्या स्लाइडला पुढे टोपण जोडले. १९६८ च्या अमेरिकी बंदूक नियंत्रण कायद्यातील आयातीच्या अटींत मूळ पिस्तूल बसेना. म्हणून १९७१ मध्ये लांब नळीचे व मोठ्या दृष्टिखुणांचे १०/७१ काढले गेले. त्यात लपवण्याजोगा आटोपशीरपणा उरला नाही.

भारतात सर्वसामान्य परवान्यावर चालणाऱ्या पिस्तुलांचे नेहमीचे काडतूस .३२, म्हणजे ७.६५ मिमी.चेच आहे. सरकारी आयुधनिर्माणीचे ‘अशनी’ पिस्तूलही हेच काडतूस वापरते.