चॅनेलचं नाव देशावरून की भाषेवरून?

निपाणी, खानापूर, बेळगावच्या माणसाला चॅटवर एक प्रश्न हमखास यायचा. वय, लिंग विचारून झालं की ठिकाण. 'बेळगाव' म्हटलं की लगेच, 'म्हणजे महाराष्ट्र का कर्नाटक?' चॅनेलचं, म्हणजे चॅटवरच्या गप्पांच्या खोलीचं, नाव 'मराठी' असेल, तर निदान आत यायला हे उत्तर लागत नाही.

ही चॅनेलं आली आयआरसीमुळे, म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारायच्या एका जुन्या सोयीमुळे. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट 1988मध्ये ते सुरू केलं. चॅनेल उघडायला कुणाची परवानगी लागत नसे. जो आधी शिरेल तो त्याचा चालक. त्यामुळे नावं सुचतील तशी पडली: गावाची, देशाची, भाषेची. 'इंडिया' नावाच्या चॅनेलवर इंग्रजी आणि रोमन लिपीतली हिंदी चाले. मराठीत काही लिहिलं तर ते वाहून जाई.

पुढे सॉफ्टवेअर प्रकल्पांनी आपल्या चॅनेलच्या नावाला दोन अक्षरांची शेपटी जोडायला सुरुवात केली आणि खरा घोळ झाला. देशांची दोनअक्षरी यादी वेगळी, भाषांची वेगळी. 'डीई' म्हणजे जर्मनी आणि जर्मनही, 'एफआर' म्हणजे फ्रान्स आणि फ्रेंचही, म्हणून युरोपात बरंचसं खपून गेलं. आपल्याकडे नाही खपत. 'एमआर' भाषांच्या यादीत मराठी, देशांच्या यादीत मॉरिटानिया! 'केएन' म्हणजे कन्नड, आणि सेंट किट्स अँड नेव्हिसही. कुठली यादी धरली हे शेपटीवरून कळायला मार्ग नाही. विकिपीडियाने सरळ भाषाच धरली. मराठी आवृत्ती 2003ची.

सीमाभागाला हा प्रश्न नवा नाही. 1 नोव्हेंबर 1956ला भाषावार प्रांतरचना झाली, तीत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. 1967चा, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, 2004मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्राची मागणी 865 गावांची. भाषेवरून आखलेली रेघसुद्धा भाषेला कुठेतरी कापतेच. मग चॅनेलं राज्यवार पाडली तर तीच रेघ पडद्यावर पुन्हा ओढल्यासारखं होईल.

माझ्या मते भाषेचं नावच बरं. मात्र भाषा एक म्हणून बाकी सगळं एक होत नाही. सातबारा, रेशनकार्ड, शाळेचे दाखले यांचे प्रश्न राज्यागणिक बदलतात. कर्नाटकातल्या उताऱ्याला आरटीसी म्हणतात आणि तो कन्नडमध्ये येतो. त्याबद्दल विचारायचं तर मराठी चॅनेलवरही 'कर्नाटकात' असं आधी लिहावंच लागतं.