मागची बस रिकामी का असते?

दसरा चौकात बराच वेळ ताटकळल्यावर पाठोपाठ दोन बस येतात. हा अनुभव कोल्हापुरात कुणाला सांगायला जाऊ नये. ऐकणाऱ्याकडं त्याचा स्वतःचा तयार असतो. पुढची बस खच्चून भरलेली, मागचीत खिडकीच्या जागासुद्धा मोकळ्या. "दोघं ड्रायव्हर चहाला थांबलं असणार," असा निकाल थांब्यावरच लागतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

समजा, गंगावेशीतून दोन बस दहा मिनिटांच्या अंतरानं अगदी वेळेवर सुटल्या. वाटेत आडवा आलेल्या टेम्पोमुळं पहिलीला दोन मिनिटं उशीर झाला. पुढच्या थांब्यावर मिनिटाला तीन माणसं येत असतील, तर आता तिथं सहा जास्तीची उभी आहेत. प्रत्येकाला चढायला चार सेकंद लागले, तरी बस आणखी 24 सेकंद मागं पडली. त्याच्या पुढच्या थांब्यावर गर्दी त्याहून जास्त. सावकाराच्या व्याजासारखा हा उशीर वाढत जातो. दुसऱ्या बसचं बरोबर उलटं होतं. पहिलीनं नुकताच थांबा रिकामा केलेला, त्यामुळं तिला माणसंच कमी मिळतात, ती लवकर निघते आणि पहिलीला जाऊन चिकटते.

गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स यांनी 1964 साली हे गणितानं मांडलं. बसमधलं सारखं अंतर आपोआप टिकत नाही. एक धक्का पुरतो. टोकावर उभी केलेली पेन्सिलच म्हणा.

प्रवाशाचं नुकसान मात्र कागदावर दिसत नाही. तासाला सहा बस, म्हणजे दहा मिनिटांना एक. वेळापत्रक न बघता थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. पण त्याच सहा बस 18 मिनिटं, दोन मिनिटं, पुन्हा 18 अशा जोडीनं आल्या, तर ही सरासरी 8.2 मिनिटांवर जाते. कारण दहातली नऊ माणसं 18 मिनिटांच्या मोठ्या खिंडारातच येऊन पडतात. फेऱ्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच.

उपाय ऐकायला विचित्र वाटतो: मागची बस थांबवायची. अमेरिकेतल्या जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी तर ठरलेलं वेळापत्रकच बाजूला ठेवलं. आपल्या मागं येणारी बस जितकी लांब, तितका वेळ ठरलेल्या थांब्यावर जास्त थांबायचं. ती जवळ असेल तर लगेच निघायचं. म्हणजे जोडीतली पुढची निघून जाते, मागची थांबते. एवढ्या नियमानं बसमधली अंतरं आपली आपण सारखी होत जातात. अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसमार्गावर त्यांनी ते करून पाहिलं आणि 2012 साली प्रसिद्ध केलं.

परिवहन सेवांच्या माणसांना शिकवणारी आणि संशोधन करणारी सीआयआरटी ही संस्था आपल्यापासून फार लांब नाही. 1967 पासून ती पुण्याजवळ भोसरीला आहे. पण प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं स्टिअरिंग धरलेला ड्रायव्हरच येतो. माझ्या मते या दुखण्यावर खरा इलाज गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या हातात आहे, आणि त्याला शिकायची आहे ती चालू गाडी अडवण्याची हिंमत. कारण मागची, अर्धी रिकामी बस त्यानं चार मिनिटं रोखली की आतून पहिला आवाज येणारच: "ओ मास्तर, रस्ता मोकळा हाय की! गाडी का थांबवलायसा?"