आयसीक्यू

घरगुती संगणकावरील तत्काळ संदेशवहनाला जगभर लोकप्रिय करणारी सेवा. तेल अवीवच्या मिराबिलिस कंपनीने ती नोव्हेंबर १९९६ मध्ये सुरू केली. यायर गोल्डफिंगर, अरिक वार्डी, सेफी विगिसर आणि अम्नोन अमीर हे तिचे निर्माते. सुरुवातीचे भांडवल अरिकचे वडील योसी वार्डी यांनी पुरवले.

मोडेमवरून तासा-दोन तासांपुरते इंटरनेट जोडण्याचे ते दिवस होते. आपल्या ओळखीचे या क्षणी कोण जोडलेले आहे, हे कळायला सोपा मार्ग नव्हता. आयसीक्यूने तो दिला: यादीतील नावाजवळचे छोटे फूल हिरवे दिसले की माणूस हजर, लाल दिसले की नाही. गैरहजर माणसाचा निरोप सर्व्हर सांभाळून ठेवी. नाव नोंदवणाऱ्याला चढत्या क्रमाने क्रमांक मिळे. साहजिकच पाच-सहा आकडी क्रमांक मिरवण्याची गोष्ट झाली, आणि ते चोरून विकणारेही निघाले.

जून १९९८ मध्ये अमेरिकेच्या एओएल या इंटरनेट कंपनीने २८.७ कोटी डॉलर देऊन मिराबिलिस विकत घेतली. पुढे आणखी १२ कोटींपर्यंत देण्याचे ठरले. एओएलचा स्वतःचा एआयएम मेसेंजर १९९७ पासून होताच. जुलै १९९९ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन मेसेंजरने एआयएमवरील लोकांशी बोलण्याची सोय केली, ती एओएलने बंद पाडली. मायक्रोसॉफ्टने पुन्हा वाट काढली, पुन्हा बंद. काही महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. भुर्दंड पडला तो वापरणाऱ्यांना: जितके मित्र विखुरलेले, तितके मेसेंजर संगणकावर.

२००१ मध्ये आयसीक्यूची नोंदणी १० कोटींवर गेली, पण अमेरिकेत एआयएमचा जोर होता आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंत याहू मेसेंजरचा. रशिया, जर्मनीत मात्र आयसीक्यू टिकून राहिले. २०१० मध्ये एओएलने ते रशियाच्या डिजिटल स्काय टेक्नॉलॉजीजला १८.७५ कोटी डॉलरना विकले, म्हणजे खरेदीपेक्षा बऱ्याच स्वस्तात.

तोवर स्मार्टफोन आला होता. २००९ मध्ये निघालेल्या व्हॉट्सअ‍ॅपला नवा क्रमांक द्यावा लागत नव्हता. फोनमध्ये साठवलेले नंबर हीच मित्रांची यादी. शिवाय फोन सतत जोडलेला असल्याने हिरव्या-लाल फुलाला फारसा अर्थ उरला नाही. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये आणि आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी बंद झाले. बंद होण्याच्या सूचनेत वापरकर्त्यांना मालक कंपनी व्हीकेच्या (डिजिटल स्कायचेच पुढचे नाव) मेसेंजरचा पत्ता दिला होता.