दात काढला, आता स्क्रू कधी?

दात काढल्यावर इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा टायटेनियमचा स्क्रू) लगेच बसवायचा की थांबायचं, हे पेशंट बहुधा रजा आणि खर्च बघून ठरवतो. हाडाचं वेळापत्रक मात्र वेगळंच असतं.

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मधे तंतूंचा पातळ पडदा असतो आणि हे तंतू हाडाच्या ज्या थरात रुतलेले असतात, तो थर दाताच्या जिवावरच जगतो. दात गेला की या थराचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो झिजू लागतो. वरच्या पुढच्या दातांपाशी ओठाकडची हाडाची भिंत बऱ्याच जणांची १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणजे जवळजवळ सगळी याच थराची. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाढा-उपदाढा काढलेल्या जागी वर्षभरात हाडाची रुंदी सुमारे निम्म्यावर आली होती. त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतली.

मग ताज्या खड्ड्यात लगेच स्क्रू घातला तर भिंत टिकेल ना? बरीच वर्षं तसंच मानलं जायचं. २००५ मध्ये आराउजो आणि लिंडे या दंतसंशोधकांनी कुत्र्यांच्या जबड्यात तसे इम्प्लांट बसवून ३ महिन्यांनी तपासले, तर गालाकडची भिंत तरीही खाली उतरलेली. टायटेनियमशी हाड जुळतं, पण गेलेल्या तंतूंचं काम टायटेनियम करत नाही. ‘एका दिवसात दात’ अशा जाहिरातींत हे कुठे लिहिलेलं नसतं.

आतल्या बाजूला दरम्यान बांधकाम चालू असतं. स्क्रू आणि हाड यांच्या फटीत आधी रक्ताची गुठळी, मग नाजूक ऊती, आणि साधारण आठवड्याभरात कच्चं, विस्कळीत हाड दिसू लागतं. ते हळूहळू मोडून त्याजागी थरांचं पक्कं हाड येतं. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी घट्ट बसलेला स्क्रू तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास थोडा कमकुवत होतो: ज्या जुन्या हाडाने त्याला आवळून धरलेलं असतं ते झिजतंय आणि नवं अजून कच्चं आहे. याच काळात चावण्याच्या जोराने तो सूक्ष्म का होईना हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात आणि इम्प्लांट वाया जातो. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटेनियमचे इम्प्लांट बसवणारे ब्रोनेमार्क खालच्या जबड्यात ३ आणि वरच्या जबड्यात ६ महिने भार टाकू देत नसत, ते याच धास्तीने.

६ महिने थांबून मग स्क्रू बसवला, तर खड्डा हाडाने भरलेला मिळतो. पण तोवर जबडा इतका अरुंद झालेला असू शकतो की हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून पुढच्या दातांसाठी अनेक डॉक्टर ४ ते ८ आठवड्यांचा मधला मुहूर्त पसंत करतात. हिरडी मिटलेली असते, जंतुसंसर्ग असला तर ओसरलेला असतो, आणि बाहेरच्या बाजूने हाडाची भुकटी घालून उतरलेली भिंत भरून काढता येते. भिंत जाड आणि शाबूत असेल, संसर्ग नसेल, तर त्याच दिवशीचा इम्प्लांटही छान टिकतो. ती किती जाड आहे, हे दात काढण्याआधीच्या सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) मिलिमीटरमध्ये मोजता येतं.