पहिल्या परावर्ती दुर्बिणीसोबत काय घ्यावे, काय थांबवावे

परावर्ती, म्हणजे आरशाने प्रकाश एकवटणारी, दुर्बीण नव्याने घेणाऱ्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा “किती पट मोठे दिसेल?” हाच असतो, आणि जोडसाहित्याची निवड चुकते ती बहुतेक वेळा याच प्रश्नामुळे. आरशाच्या नाभीय अंतराला (प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचे अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की विशालन, म्हणजे किती पट मोठे दिसते तो आकडा, मिळतो. म्हणजे ६५० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावल्यास २६ पट आणि १० मिमीचा लावल्यास ६५ पट. आरशाचा व्यास १३० मिमी असेल, तर त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे २६० पट, ही वरची मर्यादा समजावी, आणि हवा स्थिर नसलेल्या रात्री तिच्या निम्म्यावरही प्रतिमा थरथरते.

म्हणून पहिली भर कमी विशालनाच्या बाजूने घालावी, असे आम्ही सुचवतो. याच दुर्बिणीवर ३२ मिमीचा प्लॉसल या नेहमीच्या प्रकारचा आयपीस सुमारे २० पट विशालन आणि अडीच अंशांचे दृश्यक्षेत्र देतो, ज्यात कृत्तिकांचा पुंजका अख्खा मावतो. याहून लांब, समजा ४० मिमीचा, आयपीस मात्र घेऊ नये. त्यातून बाहेर पडणारी प्रकाशशलाका ८ मिमी रुंद असते आणि अंधारातही माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमीपर्यंतच उघडते.

आयपीसच्या आधी बसून विशालन दुप्पट करणारे बार्लो भिंग घेण्याआधी हातातल्या आयपीसांचे आकडे कागदावर मांडावेत. बार्लो आयपीसचे नाभीय अंतर जणू निम्मे करते, म्हणून २५ आणि १० मिमीच्या जोडीला ते १२.५ आणि ५ असे दोन नवे आकडे देते. २० आणि १० च्या जोडीत मात्र २० चे पुन्हा १० च होतात. आखूड प्लॉसल घेण्यापेक्षा बार्लो बरे, कारण ६ मिमीच्या प्लॉसलला डोळा इतका टेकवावा लागतो की पापण्या काचेला लागतात. केवळ जवळचा किंवा लांबचा नंबर असलेल्यांनी चष्मा काढून फोकस जुळवावा. फोकसने न सुधारणारा सिलिंडरचा नंबर मोठा असेल, तर चष्म्यासह पाहता यावे म्हणून डोळ्याला अधिक अंतर देणारा आयपीसच निवडावा.

ज्या वस्तूविषयी सहसा कोणी विचारत नाही, ती म्हणजे आरसे एका रेषेत आणण्याची कॉलिमेशन टोपी. दुर्बीण प्रवासात हलते, आरसे किंचित कलतात आणि मग गुरूवरचे पट्टे पुसट दिसतात. दोष मात्र आयपीसला दिला जातो. आयपीसच्या जागी ही टोपी बसवून तिच्या बारीक छिद्रातून दिवसाउजेडी पाहिले की तिरका छोटा आरसा, त्यात मोठा आरसा आणि त्याच्या मध्यावर चिकटवलेले कडे दिसते. छोटा आरसा आधी नीट असेल, तर मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवून छिद्राचे प्रतिबिंब त्या कड्याच्या मधोमध आणावे, की काम झाले. लेसरचे साधन वापरायचे असल्यास ते नळीत गोल फिरवून पाहावे. ठिपका जागचा हलला, तर लेसरच वाकडा आहे.

रंगीत फिल्टरांचा संच सध्या राहू द्यावा. चंद्र डोळ्यांना खुपत असेल, तर विशालन वाढवले तरी तेज कमी होते. मंद लाल प्रकाशाची विजेरी मात्र हवीच, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात वाया जातात.

सूर्य पाहण्यासाठी नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास सौर निरीक्षणासाठी बनवलेला फिल्टरच वापरावा आणि प्रत्येक वेळी तो उजेडासमोर धरून त्यावर चरा किंवा भोक नाही ना, हे तपासावे. आयपीसमध्ये फिरवून बसणारा छोटा सौर फिल्टर एखाद्या जुन्या संचात मिळाला, तर तो कृपया फोडून टाकावा. एकवटलेल्या उष्णतेने तो डोळा लावलेला असतानाच तडकू शकतो. सूर्य पाहताना शोधक दुर्बिणीचे (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचे) झाकणही लावलेले असावे, कारण तिच्या पुढे फिल्टर नसतो.